कुंकू लागलेलं कार्ड

रविवार, संध्याकाळ. भवानीनगर

मगापासून तो डागच डोळ्यांपुढं आहे.

निमगाव केतकीचा माझा शाळासोबती दत्ता आज त्याचं क्रिकेटचं कार्ड घेऊन आला. लहानपणी च्युइंगमच्या पाकिटात निघायचं, तेच. परदेशी पाठवून तपासून आणलंय. जाड प्लास्टिकमध्ये बंद, वर दर्जाचा आकडा, दहापैकी नऊ. कोपरे टोकदार, रंग कालच छापल्यासारखा. हात लावायची छातीच होईना.

मग मी पेटीतून माझं काढलं. खेळाडू तोच, फटका तोच. पण कोपरे झिजलेले आणि मधोमध कुंकवाचा डाग. खंडेनवमीला घरातले कोयते, खुरपी पूजेला मांडली, तेव्हा आपलंही काहीतरी हवं म्हणून मी हे कार्ड मांडलं होतं. आईनं कोयत्याला ओलं कुंकू लावलं, तसंच यालाही लावलं.

वाटलं, दत्ता हसणार. त्यानं भिंग काढलं आणि डागावरच थांबला.

"नंबर कमीच मिळंल ह्याला," म्हणाला. "पण तू बघ तरी."

डागात बोटाच्या रेषा होत्या. एकात एक वळलेल्या, सगळ्या शाबूत. इतकी वर्षं मला कशा दिसल्या नाहीत?

आईला बोलावलं. उसात खुरपून तिची बोटं गुळगुळीत झालीत, रेशनच्या मशीनवर एकही उमटत नाही. तिनं भिंगातून बराच वेळ पाहिलं. मग स्वतःचं बोट भिंगाखाली धरलं.

"माझंच हाय व्हय हे?" म्हणाली.