चढावरचं नामस्मरण

भावोजींना वहिनीचा आशीर्वाद. तुमची कंबर आणि जाऊबाईंचा खोकला, दोन्ही उतारावर असतील अशी आशा आहे.

सायकल शर्यतीतून घरात आलं ते असं: पितळी कप एक, टॉवेल एक, हार एक (सुकला). खर्च: प्रवेश फी पन्नास रुपये आणि, तेव्हा वाटलं, यांचे गुडघे. तुम्ही तिसरे आलात, म्हणजे टॉवेल तुम्हालाही मिळाला असेल.

चाळिशीपुढच्यांच्या त्या शर्यतीत तुमचे बंधू टेकडीचा चढ न थांबता चढले, तेव्हा बारीक गुणगुण ऐकू येत होती. विचारलं तर म्हणाले, नामस्मरण करतो. ज्या माणसाने वीस वर्षांत देवापुढचा दिवा विझला तरी पेपरातून डोकं वर काढलं नाही, त्याला चढावर देव आठवला, म्हणून मी कप देव्हाऱ्यातच ठेवला. परवा हे आंघोळीला गेले असताना मी सायकल स्टँडवर लावून पुसत होते. मुठीखालचं कसलंसं बटण दाबलं गेलं, मागचं चाक गरगर फिरलं आणि सायकल एकटीच नामस्मरण करू लागली. (मी आधी हात जोडले. अक्कल मागून आली.) सायकलवाल्याने सीटखालच्या नळीतून काकडीएवढी मोटर काढून हातात दिली.

हे म्हणतात, "अगं, सगळेच बसवतात." मी म्हटलं, मग सगळ्यांकडे जाऊन येते. रविवारी कपावर नाव कोरायला कारागीर येणार आहे, आणि पितळेवर खोटं कोरू द्यायचं नाही हे माझं ठरलं आहे. कोरलेलं घासून जात नाही, हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक?

कप पिशवीत घालून दुसऱ्या आलेल्या पोस्टमनकडे गेले. ते चपलांकडे बघत राहिले. त्यांची बायको मात्र कौतुकाने म्हणाली, "यांनाही हल्ली चढावर देव आठवतो हो." मी त्यांच्या सायकलीचं मुठीखालचं बटण दाबलं. (त्या माउलीनेही आधी हातच जोडले.)

तेव्हा कप आता न्यायाने तुमचा. बांधून ठेवला आहे.

ता. क. शेवटच्या वळणावर तुम्हीही डोळे मिटून काही पुटपुटत होतात, असं जाऊबाई अभिमानाने सांगत होत्या. म्हणून गाठ अजून कच्चीच मारली आहे.

पुन्हा ता. क. चौथ्या आलेल्या शिंपीणबाई चढभर मोठ्याने शिव्या देत होत्या. मी कानात बोटं घातली होती. आता वाटतं, त्या चढावर माणसाचा आवाज तेवढा एकच होता. कारागिराला नाव द्यायचं आहे. तुमचं द्यायचं की त्यांचं, ते देवाला स्मरून, पण मोठ्याने नव्हे, उलट टपाली कळवा.