चाकांवरचं पुलपीट

आदरणीय दादास,

नमस्कार. आम्ही ठीक आहोत. तुझा गुडघा कसा आहे ते कळव, मात्र दोन ओळींत. मागच्या पत्रात चार पानं गुडघाच होता. वहिनीला माझी आठवण सांग.

आमच्या चर्चमधले बाक काढले हे तुला ठाऊक आहेच (चाकं तुझ्याच दुकानातली). रविवारी उपासना, बुधवारी डोळ्यांची तपासणी, शनिवारी शिवणवर्ग, आणि दर वेळी आठ-आठ माणसांनी उचलायचे ते बाक. मी म्हटलं, एकावर एक रचता येतील अशा खुर्च्या घ्या आणि पुलपिटाला, म्हणजे पाळकांच्या प्रवचनाच्या त्या उंच मेजाला, चाकं लावा. कमिटीने तीन महिने दिले. नाही जमलं तर बाक परत आणि माझा व्यवस्थापकपदाचा राजीनामा. माणसं अशी रुसली, जणू मी त्यांची राहती घरंच मोडली. कंपाउंडरकाका चाळीस वर्षं शेवटच्या बाकाच्या कडेला बसत. खुर्चीत बसायला ते तयार नाहीत. जिथे बाकाची कड होती तिथे दर रविवारी उभे. वर मला म्हणतात, "बाई, उद्या आम्हालाही एकावर एक रचून कोपऱ्यात ठेवाल." मी ऐकून घेतलं (हे जपून ठेव, पुन्हा घडायचं नाही).

परवा मुदतीचा शेवटचा रविवार. कमिटी पहिल्या रांगेत, हाताची घडी घालून. प्रवचनात रंगले की पाळक पुढे रेलतात. तसे रेलले, आणि पुलपीट निघालं. फरशीला दाराकडे उतार आहे, हे इमारत बांधल्यापासून कुणाला माहीत नव्हतं. पाळक मागोमाग, वाक्य न तोडता. कमिटी उठली, खुर्च्या बाजूला ओढल्या, मागच्यांनीही ओढल्या, वाट मोकळी. शेवटी उभ्या असलेल्या कंपाउंडरकाकांनी चाकाला बूट लावून ते थांबवलं. मग कमिटीला म्हणाले, "बाक असते तर आत्ता पाळकांचे दात वेचत असतो," आणि शेजारची खुर्ची ओढून चक्क बसले. खुर्च्या तिथेच कायम झाल्या. प्रवचन अकरा मिनिटांत आटोपलं, त्याबद्दलही लोक मलाच दुवा देताहेत. तीन महिन्यांनी मी काल दुपारी शांत झोपले.

तुझी,
बहीण

ता. क. ब्रेक का लागला नव्हता, याचा कमिटीने लेखी खुलासा मागितला आहे. ब्रेक उत्तम आहे. लावायला मी विसरले ('ब्रेक लावावा' ही पाटी रंगवत होते). तेव्हा चाकात दोष होता, असं दुकानाच्या कागदावर लिहून पाठव. तू परगावी असतोस, तुला कुणाला तोंड दाखवायचं नाही.

आणखी एक. तुझा तसा कागद आलाय, असं मी कमिटीला सांगून बसले आहे, म्हणून तारीख मागची घाल. आणि कमिटीला आता कपाटांनाही तुझीच चाकं हवी आहेत, तेव्हा दोष बेताचाच लिही.