पोर्तो ते लक्झेंबर्ग, अडीच तास

प्रिय आई,

तुझा गुडघा आता कसा आहे? फोनवर तू रडतेस आणि मला पुढे बोलवत नाही, म्हणून लिहितोय.

तुझ्या लेकीला, आपल्या लुर्द्सला, आज दोन चमचे सूप गेलं. पण डॉक्टर तिला विमानात बसू देत नाहीत, तेव्हा तूच ये. अंतर दीड हजार किलोमीटरचं असलं तरी पोर्तोहून इथे विमानाला अडीच तासच लागतात. भीती वाटली तर डोळे मिटून जपमाळ ओढ. कोंबड्या शेजारच्या फिलोमेनाकडे सोड. काळे कपडे नको, तो निळा झगा घाल. मिळेल त्या पहिल्या विमानानं निघ.

काल लुर्द्सनं विचारलं, "आईला यायला किती वेळ लागेल रे?"

"अडीच तास."

"मग थांबते मी," म्हणाली, आणि दाराकडे तोंड करून पडून राहिली.

विमानतळावर तुझी वाट बघणारा,
एवारिस्तो