एक बिल्ला जास्त

२ मार्च

आले एकदाची. निघताना वहिनीने ही वही हातात कोंबली आणि म्हणाली की, तिथे बोलायला कोणी नसेल तर हिच्याशी बोल, फोन करून आमचं डोकं खाऊ नकोस. दादाही तिथेच कामाला असेल हे ती सोयीस्कर विसरली. तसं दादाशी बोलणं आणि भिंतीशी बोलणं सारखंच म्हणा.

सांडपाणी प्रकल्पाच्या फाटकालगतची खोली मिळाली आहे. एक खाट, एक टेबल, एक खिडकी. खिडकीतून उघड्या गोल टाक्या दिसतात आणि त्यांच्यामागे ती मोठी, छत असलेली टाकी. वासाचं म्हणाल तर पहिला तास नाकाला रुमाल लावून बसले, दुसऱ्या तासाला रुमाल कुठे ठेवला तेच विसरले.

इंजिनिअर बाईंनी काम नीट समजावून सांगितलं. शहराचं घाण पाणी इथे येतं, स्वच्छ होतं आणि मगच नदीत जातं. मोठी टाकी आतून तडकली आहे. ती दुरुस्त होईपर्यंत पाणी अर्धवट स्वच्छ होऊनच नदीत जाणार. एरवी हा गुन्हा. म्हणून नियंत्रण कार्यालयाने तीस दिवसांची सवलत दिली आहे. ३१ मार्चच्या संध्याकाळी सहा वाजता टाकीत पाणी परत सोडलंच पाहिजे, नाहीतर प्रकल्पालाच टाळं. तो आदेश बाईंनी खुर्चीच्या मागे चिकटवला आहे आणि शेवटच्या ओळीखाली लाल रेघ मारली आहे : मुदतवाढ मिळणार नाही.

माझं काम टाकीच्या तोंडाशी बसायचं. छताला खाटेएवढं चौकोनी तोंड आहे, त्यातून शिडी खाली सोडलेली. शेजारी खिळे ठोकलेला फळा. खाली उतरणाऱ्याने आपला पितळी बिल्ला फळ्यावर लावायचा, वर आल्यावर आपल्याच हाताने काढायचा. फळ्यावर एक जरी बिल्ला असेल, तर शिडी ओढायची नाही, झाकण लावायचं नाही, पाणी सोडायचं नाही. दुसऱ्याच्या बिल्ल्याला हात लावायचा नाही. झाले नियम.

बुटांच्या कारखान्यात मी चौदा वर्षं जोड्या मोजल्या, त्यामुळे बसल्याबसल्या बिल्ले मोजून टाकले. एक ते चौदा, चौदावा माझा. पण सात नाहीच. मुकादमांना विचारलं तर ते चष्मा पुसत बसले, बराच वेळ पुसला, आणि मग म्हणाले की हरवला असेल. त्यांना मोतीबिंदू आहे, चष्मा पुसून काय होणार, मी तेरा लिहून टाकले. पहिलाच दिवस.

५ मार्च

दादा फिटर, त्याचा बिल्ला अकरा. आज वर आला आणि बिल्ला तसाच लटकत ठेवून चहाला निघून गेला. तो आत अडकला समजून मी घशाला कोरड पडेस्तोवर हाका मारल्या. आला बिस्किट चघळत. बाकी सगळ्यांसमोर त्याला झापलं. त्याचं एवढंच म्हणणं, की मोजपट्टीला नोकरी लावली हीच माझी चूक. मोजपट्टी हे माझं त्याने ठेवलेलं नाव, मी सात वर्षांची असल्यापासूनचं.

त्याला खालून काही हवं असलं की तो टाकीतून वर येणाऱ्या पाइपावर तीनदा ठोकतो. मग मी दोरीला पाना, पाण्याची बाटली, जे लागेल ते बांधून सोडते. गंमत वाटते. लहानपणी माळ्यावर लपून बसायचा तेव्हाही असाच ठोकायचा.

संध्याकाळी नदीवर जाऊन आले. आपलं पाणी पडतं तिथे मळकट फेस आला आहे. एक जण गळ टाकून बसला होता. माझ्या डोक्यावरची प्रकल्पाची टोपी पाहिली, गळ गुंडाळला आणि निघून गेला. वाईट वाटलं. तीस दिवस लवकर सरोत.

११ मार्च

टाकीतला गाळ उपसून संपला. मी वरून वाकून पाहिलं. खाली ओला करडा तळ आणि भिंतीत गुडघ्याएवढं भोक, पलीकडे आतली खोली. दादा सांगतो की तिथे रांगतच जावं लागतं.

संध्याकाळी बारा उतरले होते, बारा वर आले. सगळ्यांनी आपापले बिल्ले काढले. फळ्यावर एक उरला. सात.

ओला होता, कडेला हिरवट चढलेला. दादाचेच उद्योग, गाळात सापडला असणार. तो शपथेवर नाही म्हणाला आणि त्याला खोटं बोलताना हसू आवरत नाही, ते आज आलं नाही. मी बिल्ला ड्रॉवरमध्ये ठेवून कुलूप लावलं.

१४ मार्च

ड्रॉवर रोज सकाळी आतून ओला असतो. बिल्ला त्यात नसतो. दिवसभर फळ्यावरही नसतो. शेवटचा माणूस वर येतो, आपला बिल्ला काढतो, आणि मी वळून पाहते तर सात लटकलेला. आज मी पापणी लवू दिली नाही. दादाने हाक मारली म्हणून जरा मान वळवली, तेवढ्यात.

इंजिनिअर बाईंना सांगितलं. त्यांच्या डोळ्यांखाली काळं पडलं आहे. त्यांनी विचारलं, माणूस कमी आहे का? मी म्हटलं, नाही. मग कार्यालयाला काय कळवू, त्यांच्या तक्त्यात याला रकानाच नाही, असं म्हणाल्या. एक वजा करून लिहीत जा.

१८ मार्च

आता सगळ्यांना सवय झाली. थट्टाही सुरू झाली. कोणी सातच्या नावाने चहाचा एक कप जास्त सांगतं. मुकादम संध्याकाळी फळ्याकडे नीट बघतही नाहीत. बोटाने चाचपतात, एक बिल्ला हाताला लागला की म्हणतात, "एक जास्त असतोच," आणि शिडी ओढायला सांगतात.

मला हे अजिबात आवडत नाही. कारखान्यात एक बूट जास्त निघाला तर त्याचा जोडीदार सापडेपर्यंत आम्ही घरी जात नव्हतो. इथे माणसं मोजतोय आणि एक सोडून देतोय.

जेवण जात नाही. वहिनीला फोन केला, पण तिच्या स्वयंपाकाचंच विचारत बसले.

२२ मार्च

दुपारी सगळे वर जेवत होते. दादा माझ्या शेजारी होता, तोंडात घास. खालून तीन ठोके आले.

दादाने घास गिळला. म्हणाला, उन्हाने पाइप तापतात. मग माझ्याकडे न बघता डबा बंद केला.

मी दोरी सोडली. का सोडली माहीत नाही, हाताला सवय. कोणीतरी ती एकदा ओढली, हलकेच. वर घेतली तर टोक चिंब भिजलेलं. टाकी अकरा दिवस कोरडी आहे.

२५ मार्च

मुकादमांना गाठलं. सरळ विचारलं, सात कोण होता?

आधी चष्मा पुसला. मग सांगितलं. तीस वर्षांपूर्वीही अशीच दुरुस्ती होती, अशीच सवलत, अशीच शेवटची संध्याकाळ. फळ्यावर सात लटकत होता. सातला बिल्ला विसरून घरी जायची खोड होती, सगळे त्याला त्यावरून चिडवायचे. सहा वाजत आले होते. मुकादमांनी स्वतःच्या हाताने बिल्ला काढला. हिशेब जुळला. पाणी सोडलं.

दुसऱ्या दिवशी सात कामावर आला नाही. तिसऱ्या दिवशी त्याची बायको फाटकाशी येऊन उभी राहिली. नोकरी सोडून गेला असेल, असं तिला सांगितलं. त्या संध्याकाळी मुकादमांनी बिल्ला टाकीत फेकला.

एवढं सांगून ते म्हणाले, "ठोके ऐकले होते मी. पाइप तापला असेल म्हटलं."



२८ मार्च

इंजिनिअर बाईंकडे पुन्हा गेले. आठ दिवस मुदतवाढ मागा म्हटलं, आतली खोली नीट शोधून बघू, त्याचं काही सापडलं तर त्याच्या घरी देऊ. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग नुसतं मागच्या लाल रेघेकडे बोट दाखवलं.

दादाला खोलीवर बोलावून वचन घेतलं. बिल्ला काढल्याशिवाय टाकीपासून पाऊल हलवायचं नाही. तो हसला नाही. मोजपट्टीही म्हणाला नाही.

३० मार्च

नुसती घाई. सगळे पळताहेत. कोणी कोणाकडे बघत नाही.

आज फळा रिकामा होता. सात नाही. मी तीनदा मोजलं. शून्य. ड्रॉवर कोरडा.

बरं वाटायला हवं. वाटत नाही. त्याला रोज काय शिकवायचं होतं आम्हाला? शिकून झालं का —

३१ मार्च, टाकीत

वही खिशातच होती. नीट लिहिते.

साडेपाचला सगळे वर, दादा तेवढा दिसेना; बाकीचे वॉल्व्हकडे पळाले. फळ्यावर एक. मुकादमांनी चाचपला — एक जास्त असतोच. मी जवळ जाऊन पाहिलं. अकरा होता. दादाचा.

खालून तीन ठोके.

हाका मारल्या. परत तीन ठोके. मुकादमांना ओरडून सांगितलं, हा सात नाही, दादा आहे खाली. ते लांब पंपाकडे वळले होते, ऐकलं की नाही — माझा चौदा लावला. उतरले. नियमाप्रमाणे.

ठोके आतल्या खोलीतून. रांगत गेले. खोली रिकामी. ओली. पाइप थंडगार.

मग वर दादाचा आवाज. वर. धापा टाकत — वॉल्व्हची चावी आणायला गेलो होतो, बिल्ला राहिलाच माझा. काढला त्याने. अकरा काढला.

फळ्यावर माझा एकटा.

मुकादम म्हणाले — ऐकलं मी, स्पष्ट — "एक जास्त असतोच."

रांगत बाहेर आले तोवर शिडी वर चाललेली. ओरडले. झाकण उचलायच्या क्रेनची घरघर. झाकण. त्याच्या फटीतून रेघेएवढा उजेड, त्यातच लिहितेय.

दादा विचारतोय, मोजपट्टी कुठंय? कोणीतरी म्हणालं, खोलीवर असेल.

पाइपावर ठोकतेय. तीनदा. सारखी तीनदा.

वर थांबले. ऐकताहेत. दादा, ओळख —

पाइप तापला असेल, असं कोण म्हणालं. मुकादम नाही. दादाच. दादाचाच आवाज.

पाणी आलं. घोट्यापर्यंत. गार.

आतल्या खोलीतून कोणी रांगत येतंय. घाई नाही त्याला. माझ्या शेजारी उभा. तोही ठोकतोय — माझ्याबरोबर — एकाच लयीत.

कमरेपर्यंत. पाण्याच्या नमुन्याची प्लास्टिकची पिशवी आहे खिशात. वही तिच्यात घालते, फुगवून गाठ मारते, वर तरंगेल. ज्याला मिळेल त्याने दादाला सांगा की त्याचा दोष — नाही, हे नको, आधी हे सांगा — फळ्यावर जो आहे तो सात नाही, चौदा आहे, नीट वाचा, कोणी हाताने काढू नका, तो माझा —