विंगेतला चेहरा

आई,

काल संध्याकाळी तुझी नात भिंतीवरच्या तुझ्या फोटोसमोर उभी राहून म्हणाली, "मम्मा, आजीची स्किन काय क्लिअर होती यार! तू तिच्यावर बिल्कुल नाही गेलीस." मी भेंडी चिरत होते, ती चिरतच राहिले. तिचं तरी काय चुकलं? मी कॉलेजात असतानाच तू गेलीस. तिनं तुला पाहिलं ते फक्त त्या फोटोत, आणि फोटोतल्या बाईचा चेहरा खरोखरच तुकतुकीत आहे. तुला लहानपणी देवी आल्या होत्या, कपाळापासून हनुवटीपर्यंत वण होते, हे तिला सांगायचं तर सुरुवात कुठून करायची तेच सुचेना. म्हणून तुलाच लिहायला बसले. इथे नोएडात खिडकीच्या काचेवर नेहमीची धूळ बसते आहे, आणि मला मात्र सारखं दिल्लीच्या लक्ष्मीबाई नगरातलं आपलं दोन खोल्यांचं सरकारी क्वार्टर दिसतंय, कूलरच्या ओल्या गवताचा वास येतोय, आणि हातात कागद धरून गॅससमोर पुटपुटणारी तू दिसते आहेस.

तिथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत दरवर्षी नाटक व्हायचं आणि दरवर्षी प्रॉम्प्टर तू. दिवसभर ऑफिसात टाइपरायटर बडवायचीस आणि संध्याकाळी तालमीला जायचीस. प्रयोगाच्या दिवशी विंगेत स्टुलावर बसून, पदराआड छोटा टॉर्च धरून, सगळ्यांची वाक्यं ओठांवर घेऊन तयार असायचीस. कुणी अडलं की तुझ्या आवाजाच्या आधारानं पुढं सरकायचं. आवाज तरी कसला, भरलेल्या हंड्यासारखा. मंडळाचे दिग्दर्शक काका एरवी कुणाला जुमानत नसत, पण विंगेशी येऊन तुला हात जोडायचे, "हळू वहिनी, हळू! पहिल्या रांगेत ऐकू जातंय." तुला रंगमंचावर उभं करावं असं त्यांना कधी सुचलं नाही. नाटकातली आईसुद्धा देखणी लागते म्हणे. मी तेव्हा तिसरीत, तुझ्या पायाशी बसलेली, आणि मला वाटायचं की नाटक म्हणतात ते हेच: टॉर्चच्या पिवळ्या उजेडात तुझा चेहरा, नायिकेबरोबर रडणारा, खाष्ट सासूबरोबर भुवया चढवणारा. पुढे रंगमंचावर काय चालायचं ते मला काही म्हणता काही आठवत नाही. विंगेबाहेर आलीस की मात्र तू वेगळी व्हायचीस. अनोळखी माणूस दिसलं की घाम नसतानाही पदरानं गाल टिपायचीस, आणि मग पदर तिथेच राहायचा.

एका वर्षी टीव्हीसाठी नाटकं बसवणारे एक साहेब पाहुणे म्हणून आले होते. पाणी मागायला विंगेत शिरले आणि तुझ्याकडे बघत तसेच उभे राहिले. प्रयोग संपल्यावर बाबांना म्हणाले, "हमें बिल्कुल यही चेहरा चाहिए." त्यांचं नाटक होतं माणसाला रूपावरून जोखण्याबद्दल. एका बड्या घरी मुलीसाठी स्थळ यायचं असतं. मुलाला जिनं वाढवलं ती आत्या आधी एकटीच येते, साध्या साडीतली, देवीचे वण असलेली. घरची मोठी सून तिला नवी कामवाली समजते आणि चहा करायला पाठवते. आत्या काही न बोलता चहा करते. शेवटी मुलगा येऊन तिच्या पाया पडतो आणि मग आत्या बोलते, चांगलं पानभर. ती आत्या तू.

"चेहऱ्यासाठी घेतायत तुला, कळतंय ना?" बाबांनी जेवताना विचारलं. त्यांना वाईट वाटलं होतं, पण ते दाखवायचं कसं हे त्यांना कधीच जमलं नाही.

"कळतंय की," तू म्हणालीस. "इतकी वर्षं चेहऱ्यामुळेच घेतलं नाही, आता चेहऱ्यामुळे घेतायत. घेऊ देत. मला ते शेवटचं पान हवंय. एकदा तरी लोकांनी मला बघत बघत ऐकलं पाहिजे."

शूटिंगहून आलीस तो दिवस मला अजून स्वयंपाकघरातच घडताना दिसतो. तू पोळ्या लाटते आहेस, मी ओट्यावर बसले आहे, बाबा दारात उभे आहेत. तू सांगते आहेस की मेकअपवाल्यानं तुझ्या गालांवरचे वण तपकिरी पेन्सिलीनं गडद केले, कारण म्हणे लाईटमध्ये ते दिसत नव्हते. "अहो, जन्मात पहिल्यांदा कुणीतरी म्हणालं की दिसत नाहीत!" आणि तू इतकी हसतेस की लाटणं थांबतं. मग आपण तिघंही हसतो. मग तू सांगतेस की मधल्या सुट्टीत मोठ्या सुनेचं काम करणाऱ्या बाईंनी चहा पिऊन रिकामा कप न बघताच तुझ्या हातात दिला.

"मग?" बाबांनी विचारलं.

"मग काय, विसळून ठेवला. बिचारी भूमिकेत असेल."

बाबा हसले नाहीत. त्या दिवशीच्या पोळ्या जरा जाडच झाल्या. मी लहान होते, पण तो कप मला फार लागला आई. अजून लागतो.

आपल्याकडे टीव्ही नव्हता. समोरच्या इमारतीतल्या पंजाबी आंटींकडे होता, आणि नाटक दाखवणार होते त्या संध्याकाळी अर्धी कॉलनी त्यांच्या बैठकीत. तुझ्या ऑफिसातल्या बायका, मंडळाची माणसं, दिग्दर्शक काका तर सहकुटुंब, पुढच्या खुर्चीत. मे महिन्याचा उकाडा, कूलर दमून घरघरतोय, तू मागे भिंतीला टेकून जमिनीवर, मी तुझ्या मांडीवर रेललेली. पदर गालाशी होताच. पडद्यावर तू आलीस तेव्हा टाळ्या पडल्या. तू चहाचा ट्रे नेलास तेव्हा आंटी त्या सुनेला पंजाबीत काहीतरी अस्सल बोलल्या. मला सगळं पाण्याखालून बघितल्यासारखं आठवतं, निळसर आणि हळू. मुलगा येतो, वाकतो, सगळं घर गप्प होतं. तुझा चेहरा जवळ येतो, आणखी जवळ, पडदाभर, एकेक वण दिसेल इतका. ओठ उघडतात. आणि लाईट गेली.

पडद्याच्या मध्यावर पांढरा ठिपका उरला, तोही विझला. "हाय रब्बा, अभी जानी थी?" आंटी ओरडल्या. कुणी गच्चीवर धावलं, सगळ्याच ब्लॉकची गेलीय म्हणून वरूनच ओरडलं. कुणी मेणबत्ती शोधायला उठलं. तुझी मांडी माझ्या डोक्याखाली दगडासारखी झाली होती. मग म्हणालीस, "मोमबत्ती रहने दीजिए, भाभीजी."

आणि तू सुरू केलंस. आधी सुनेचं वाक्य, मग मुलाचं, मग मुलीच्या बापाचं, कारण तुला नेहमीप्रमाणे सगळ्यांचीच पाठ होती. पण सवयीनं प्रॉम्प्टरच्या आवाजात, दबक्या, विंगेतल्या. अंधारात पुढच्या खुर्चीतून आवाज आला. काकांचाच. "मोठ्यानं, वहिनी. मोठ्यानं!"

मग तू आत्याचं पान म्हणालीस. "चेहरा तो आपने दरवाजे पर ही पढ़ लिया था, बहूजी. चाय मैंने फिर भी पूरे मन से बनाई. अब घड़ी भर पास बैठिए, बात भी कर लीजिए." पुढचं मला सलग आठवत नाही. आवाज खोलीभर भरला, जिन्यात गेला, खालच्या अंगणात खाटा टाकून बसलेल्यांच्या गप्पा थांबल्या एवढं आठवतं. आंटी नाक ओढत होत्या. मी पहिल्याच वाक्याला हात वर करून तुझ्या गालावर ठेवला होता. पदर नव्हता. बोलताना तुझे वण माझ्या बोटांखाली हलत होते, गाल गरम होता, ओला होता, आणि "पास बैठिए" म्हणताना वर उचलला गेला. तू हसली होतीस तिथे. हसून म्हणायचं वाक्य होतं ते, हे बाकी कुणाला कळलं नसेल.

लाईट आली तेव्हा टीव्हीवर बातम्या चालू होत्या आणि त्याकडे कुणी बघत नव्हतं. काका डोळे पुसत उठले, तुझ्यापाशी आले आणि अगदी मनापासून म्हणाले, "वहिनी, तुमच्यासारखा प्रॉम्प्टर दिल्लीत नाही." माणूस वाईट नव्हता गं. पण त्या क्षणी त्यांना चावावंसं वाटलं मला. पुढच्या गणपतीतही तू विंगेतच होतीस. बाकी दिल्लीत तुला लोकांनी बघितलं असेल, पण ज्यांनी बघावं असं तुला वाटत होतं ते झाडून सगळे त्या एका खोलीत बसले होते. पुन्हा दाखवतील म्हणून तू कितीतरी दिवस आंटींकडे चौकशी करत राहिलीस. नाही दाखवलं.

त्या संध्याकाळी घरी परतताना मी तुझ्या खांद्यावर पेंगत होते. जिना उतरता उतरता तू बाबांना म्हणालीस, "ऐकलं सगळ्यांनी. बघितलं मात्र कुणीच नाही." मला बोलायचं होतं, पण झोपेनं जीभ जड झाली होती, आणि सकाळी शाळेच्या गडबडीत ते राहिलं ते राहिलंच.

मग तो फोटो. टीव्हीत काम केलं म्हणून बाबा हौसेनं तुला स्टुडिओत घेऊन गेले, आणि फोटोवाल्यानं, भल्या माणसानं, न विचारताच सगळे वण घासून काढले. पाकीट उघडून तू म्हणालीस, "अगं बाई, ही कोण?" आणि हसत हसत तो भिंतीवर लावलास. दुसरा काढायचं राहून गेलं. आता तीच बाई तुझ्या नातीची आजी आहे.

उद्या तिला मी सांगणार आहे. या कागदाला पत्ता नाही, तेव्हा तो इथेच टेबलावर राहील. तुला मात्र आजच सांगते, उशिरा का होईना. मी बघितलं होतं आई, सगळं पान, पहिल्या वाक्यापासून. आणि एक कबूल करते. तो फोटो मी रोज पुसते, पण त्यात तू मला सापडत नाहीस. तुला बघावंसं वाटलं की मी खोलीतला दिवा मालवते.