राज्याबाहेर विक्री : नाही

चांदूर रेल्वे
१२ ऑगस्ट २०१८

ती. दादास,

दुर्गाचा सा. न. वि. वि. कानात मशीन बसवूनही फोनवर तुमचं निसतं हॅलो हॅलोच चालते, म्हणून आपलं हे पोस्टातलंच बरं. वहिनी म्हणत होत्या का माझं पत्र आलं म्हणजे तुम्ही चष्मा शोधत घरभर फिरता अन् तो असते कपाळावर.

इकडे शिलाईचं काम जोरात आहे. आठही मशिनी चालू आहेत. दसऱ्याच्या आगोदर कापूस वेचायच्या झोळ्या तयार पाहिजेत. मागच्या साली फवारणीत माणसं दगावली तेव्हापासून लोक फवारणीचे एप्रनही विचारून राहिले. मिस्बाहनं त्याची कटिंग अशी बसवली का गळ्यापासून गुडघ्याखालपर्यंत एकही शिवण समोर येत नाही. नऊ वर्षं झाली तिले माझ्याकडे कात्री हाती घेऊन, पण हे काम पाहून मीच चाट पडले.

अमरावतीचे एक बियाणेवाले आले होते. नमुना अंगात घालून पाहिला, दोन हजार एप्रन पाहिजेत म्हणाले. मग माझं जुनं बिल पाहिलं अन् चेहरा बदलला. म्हणे, बाई, तुमच्या बिलावर कर लावलेलाच नाही, म्हणजे मले माझ्या करातून वजावट भेटत नाही. कराचं बिल द्या नाही तर भाव तरी उतरवा. चहा देऊन वाटेले लावलं. दादा, आपल्या बिलावर कर काहून नसते? अन् कापड घेताना मी जो कर भरते, तो कुठं जाते? हे मले एकदा नीट समजावून लिहा.

दुसरं, मध्य प्रदेशातल्या भैसदेहीच्या दुकानदाराचा निरोप आहे, औंदा चारशे झोळ्या पाठवा म्हणून. दरसाली सारख्या मिस्बाहच नेईल, तिचं माहेर त्याच वाटेवर परतवाड्याले आहे.

वहिनींना नमस्कार. तब्येतीले जपा, अन् बहिणीची आठवण पोस्टात टाकत जा.

तुमची,
दुर्गा


जुने शहर, अकोला
१८ ऑगस्ट २०१८

चि. दुर्गास,

अनेक उत्तम आशीर्वाद. तुझे पत्र काल मिळाले. चष्म्याची गोष्ट खरी नाही; तो कपाळावर नव्हता, खिशात होता.

तुझ्या प्रश्नाचे उत्तर देतो. मार्चअखेर मी तुझा अर्ज जीएसटीच्या आपसमेळ योजनेत भरला. आमच्या ऑफिसात सगळे तिला कंपोझिशन म्हणतात. त्यात लहान धंदेवाल्याने विक्रीवर शंभराला एक रुपया भरायचा आणि मोकळे व्हायचे. दर महिन्याची विवरणपत्रे नाहीत, तीन महिन्यांतून एक. तो एक रुपया मात्र गिऱ्हाइकाकडून वेगळा मागता येत नाही, आपल्या पदरचा द्यावा लागतो. बिलावर कर दाखवता येत नाही, म्हणून घेणाऱ्याला वजावट नाही. कापडावर तू भरलेला करही परत मिळत नाही, तो तुझ्या मालाच्या किमतीत मुरला.

हे ऐकून तुला वाटेल, मग यात आपले भले काय? भले हे की तुझ्यामागे कागद नाहीत. वीस वर्षे कर सल्लागाराच्या ऑफिसात कारकुनी करून मी एवढेच शिकलो की लहान माणूस करापेक्षा कागदांनी जास्त थकतो. तुझे यजमान गेल्यापासून तू एकटी सारे ओढतेस. हा त्रास तुला नको, असे मला वाटले. बाजारातल्या बायका तुझे गिऱ्हाईक आहेत, त्यांना वजावटीशी देणेघेणे नाही. बियाणेवाल्याचा नाद सोड.

तुझ्या वहिनीच्या गुडघ्याला आराम आहे. ज्वारीचे पापड संपले, हे तिने मुद्दाम लिहायला सांगितले आहे. कळावे, आणि कळवत राहावे.

तुझा,
देवीदास


चांदूर रेल्वे
९ ऑक्टोबर २०१८

ती. दादास,

सा. न. वि. वि. लिहायले उशीर झाला. घडलं ते क्रमानं लिहिते.

मागच्या बुधवारी मिस्बाह चारशे झोळ्यांची दोन गाठोडी घेऊन परतवाड्याहून जीपनं भैसदेहीकडे निघाली. सोबत आपलं बिल होतं. हद्दीच्या अलीकडे तपासणीच्या पथकानं जीप थांबवली. बिल पाहून साहेब म्हणे, या बाईचं नाव तर कंपोझिशनमध्ये आहे, यायले राज्याबाहेर माल विकताच येत नाही. गाठोडी खाली उतरवली. जीपवाल्यानं बाकीच्या सवाऱ्या घेतल्या अन् तो निघून गेला.

सकाळी अकरापासून ते पाचपर्यंत मिस्बाह रस्त्याच्या कडेले गाठोड्यावर बसून होती. येणारे-जाणारे थांबून पाहत होते का बाईनं चोरीचा माल आणला. शेवटी तिचा भाऊ मोटारसायकल घेऊन आला, त्याची सही घेतली अन् तिले जाऊ दिलं. माल तिथंच राहिला. मले तिनं फोनवर फक्त एवढंच सांगितलं का बाई, मी एकही झोळी हरवू दिली नाही, त्यायनं मोजून घेतल्या.

आता नोटीस आली आहे. माल सोडवायचा तर कर अन् तेवढाच दंड. अन् तुमचं नाव योजनेतून काहून काढू नये, याचा खुलासा लिहून द्या. भैसदेहीवाल्यानं दुसरीकडून झोळ्या घेतल्या. अमरावतीच्या बियाणेवाल्यायनं सुरतेचे एप्रन आणले. मी ते पाहिले, बगलेत उघडेच आहेत.

पैसा जाईल अन् येईल. पण मिस्बाह त्या दिवसापासून कामावर आली नाही. तिचा नवरा शाकीब येऊन गेला. ओरडला नाही. फक्त म्हणाला का आमच्या घरच्या बाईले आजवर कोणी रस्त्यावर बसवलं नव्हतं. 

दादा, राज्याबाहेर माल देता येत नाही, हे तुमाले ठाऊक होतं का? मी तर ऑगस्टच्या पत्रात भैसदेहीचं लिहिलं होतं. खरं ते लिहा.

तुमची,
दुर्गा


जुने शहर, अकोला
१३ ऑक्टोबर २०१८

चि. दुर्गास,

आशीर्वाद. आधी कामाचे. आमच्या वकीलसाहेबांशी बोललो. त्यांचे म्हणणे असे की खुलाशात लिहावे, सदर कारागीर महिलेने माल परस्पर, आपल्या जबाबदारीवर विकायला नेला, मालकाला कल्पना नव्हती. बिलाचे पुस्तक तिच्या हाताशी होते, असे म्हणता येईल. तिच्या नावावर काही धंदा नाही, त्यामुळे तिचे फारसे बिघडणार नाही आणि तुझी नोंदणी वाचेल. मसुदा सोबत जोडला आहे. सही करून पाठव.

इथवर लिहून कागद दोन दिवस टेबलावर ठेवला होता. पुढचे आज लिहितो आहे.

मला ठाऊक होते. अर्जात एक रकाना असतो, राज्याबाहेर विक्री होते का. तिथे मी ‘नाही’वर खूण केली. तुला विचारले नाही. त्या दिवशी ऑफिसात एकतीस अर्ज भरायचे होते आणि मी सगळ्यांनाच ‘नाही’ केले. तुझ्या ऑगस्टच्या पत्रात भैसदेही वाचले, तेव्हा हातातला चहा खाली ठेवला. माल पाठवू नकोस, असे तेव्हाच लिहायला हवे होते. पण लिहिले असते तर चूक माझी हे तुला कळले असते. चारशे झोळ्यांना कोण विचारतो, असे मनाशी म्हणून मी तुला पापडांबद्दल लिहिले.

तू मला वडिलांच्या जागी मानतेस. ती जागा राखायची म्हणून मी गप्प बसलो. त्याची किंमत त्या मुलीने दिली.

दंडाची रक्कम मी पाठवतो आहे. ती परत करू नकोस. मसुद्याचे तू ठरव.

देवीदास


चांदूर रेल्वे
२७ ऑक्टोबर २०१८

ती. दादास,

सा. न. वि. वि. तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा राग आला. दुसऱ्यांदा वाचताना वाटलं का ‘मला ठाऊक होते’ हे लिहायले तुमाले दोन दिवस लागले, पण लिहिलं तर खरं.

मसुदा चुलीत घातला. मिस्बाहचं नाव मी कोणत्याही कागदावर तसं लिहिणार नाही. साहेबांपुढं जाऊन सांगितलं का माल माझा, पाठवणारी मी, नियम मले माहीत नव्हता, पण बाईचा यात काही दोष नाही. साहेब वयानं लहान होता. म्हणे, माहीत नसणं हा बचाव होत नाही, पण खरं बोललात हे बरं केलं. पैसे भरले, गाठोडी सोडवली. तुमच्या मनिऑर्डरीतले निम्मेच घेतले, निम्मे वहिनींच्या गुडघ्यासाठी परत पाठवून राहिले. यावर वाद घालू नका.

दसरा झाल्यावर मी मिस्बाहच्या घरी गेले. शाकीब होता, तिची सासू होती. मी हात जोडून माफी मागितली. मिस्बाहनं मले बसायले सांगितलं. मग म्हणाली का बाई, तिथं बसायचं मले एवढं वाटलं नाही. त्यायनं विचारलं माल कोणाचा, मी म्हटलं बाईचा. मग विचारलं, तू कोण? तवा मले काही सांगता आलं नाही. नोकर म्हणावं तर पगाराचा कागद नाही, मालकीण मी नाही. नऊ वर्षं कात्री चालवून मी कोण, ते माझं मलेच माहीत नाही.

दादा, ते ऐकून मी तिथंच म्हटलं का आता माझी भागीदार होऊन ये.

कंपोझिशन सोडून नियमित नोंदणीत गेलं का महिन्याचे कागद आले, हे मी विचारलं, लिहून घेतलं. कर लागून झोळी महाग होईल. दसऱ्याच्या बाजारात दोन बायकांनी माझ्या तोंडावर सांगितलं का मंग आमी घरीच शिवू. काही गिऱ्हाईक जाईल. आठ मशिनींपैकी तीन सध्या झाकून ठेवल्या आहेत अन् त्यावर शिवणाऱ्या तिघी सोयाबीनच्या काढणीले जाऊन राहिल्या. हे सगळं मी मिस्बाहले अन् शाकीबले सांगितलं, काहीच लपवलं नाही. शाकीबनं आठ दिवस मागितले. काल तो स्वतःच आला. म्हणाला, तिचं नाव मालकीण म्हणून लागत असेल तर तिनं जावं, नाही तर नाही.

म्हणून आता तुमच्याकडे काम आहे. माझी जुनी नोंदणी बंद करा. मी अन् मिस्बाह, दोघींच्या भागीदारीची नवी काढा, कर लावून बिल देता येईल अशी, राज्याबाहेर माल पाठवता येईल अशी. वाटा निम्मा-निम्मा. कागद घेऊन आम्ही दोघी पुढच्या सोमवारी पॅसेंजरनं अकोल्याले येतो. वहिनींना सांगा, मिस्बाह मटण खाते पण आपल्याकडे वरण-भातही चालेल म्हणाली.

करारनाम्यात तिचं नाव पूर्ण लिहा, मिस्बाह परवीन शेख शाकीब. आधार कार्ड ती सोबत आणते. त्यावरून पाहूनच लिहा, मनानं लिहू नका.

माया कमी झालेली नाही, तुमचीही होऊ देऊ नका.

तुमची,
दुर्गा