एक खोकला म्हणजे नाही

सोमवार, ३ मार्च

मी, होझिया लेम्युएल गेदर्स, वय वर्षे एक्याऐंशी, राहणार मिसिसिपी राज्य, शिक्षण चौथी (उत्तीर्ण), काउंटी कोर्टाचा निवृत्त बेलीफ, अडतीस वर्षे साक्षीदारांना शपथ दिलेला मनुष्य, पूर्ण शुद्धीवर राहून लिहून ठेवतो की, माझ्या नातवाच्या मुखत्यारास मी आज घरातून घालवून दिले.

कारण नोंदवतो. नातू थॅडियस, वय सत्तावीस, वजन तीनशे दहा पौंड, हा आपला अमेरिकी फुटबॉल खेळतो. रांगेच्या मधोमध वाकायचे, चेंडू स्वतःच्या दोन पायांमधून मागे द्यायचा, आणि मान वर करण्याआधी समोरून आलेला बैलासारखा मनुष्य अंगावर घ्यायचा — हे काम त्याने एकाच क्लबात चार वर्षे केले. करार या महिन्यात संपतो. नवा झाला नाही, तर कॉलेजातून आलेला एक कोवळा पोरगा ती जागा घेणार आणि थॅड इथे बियाण्याच्या दुकानात पोती उचलणार. म्हणून मुखत्यार नेमला होता. कर्टिस वेन त्याचे नाव. तो जेवायला आला. मी प्रार्थना म्हणत होतो आणि हा गृहस्थ टेबलाखाली फोन कुरवाळत होता! मी 'आमेन' म्हणालो, तेव्हा हा म्हणाला, "चालेल, पाठवून द्या!"

मी त्याची हॅट त्याच्या हाती दिली.

"आजोबा, आता माझ्या बाजूनं बोलणार कोण?" थॅड म्हणाला.

"मी."

लॉरेटाच्या हातातला डाव पडला. लॉरेटा म्हणजे माझी कन्या, थॅडची आई, शाळेच्या स्वयंपाकघरात कामास. म्हणाली, "बाबा, गेल्या वर्षी गवत कापायच्या यंत्रावरून दुकानदाराशी भांडायला गेलात आणि ते यंत्र त्यालाच परत देऊन आलात. तेही धार लावून!"

हा मजकूर अप्रस्तुत आहे.

मंगळवार, ४ मार्च

खेळाडूंच्या संघटनेस फोन केला. बाई सभ्य होत्या. म्हणाल्या, मुखत्यार व्हायचे तर पदवी लागते. पदवीच्या वर आणखी एक पदवी लागते. त्यानंतर परीक्षा.

"साहेब, आपलं शिक्षण?"

"चौथी. उत्तीर्ण."

पलीकडे टाइप केल्याचा आवाज आला. मग म्हणाल्या, "खेळाडूला स्वतःची बोलणी स्वतः करता येतात बरं का. घरचं माणूस शेजारी बसलं तरी चालतं. फक्त त्यानं बोलायचं नाही."

बोलायचे नाही! कोर्टात अडतीस वर्षे मी दुसरे काय केले?

ही बातमी सांगावी म्हणून थॅडला हाक मारली. एक. दोन. तीन. बसल्या जागचा हलला नाही! टीव्हीचा आवाज इतका मोठा की खिडकीची काच थरथरत होती. हल्ली भिंतीस डावा खांदा लावून बसतो, नापास होणाऱ्या पोरासारखा. उद्धट झाला आहे. चार वर्षांच्या टाळ्यांनी डोके फिरले असावे. हे मी लेखी नोंदवतो.

बुधवार, ५ मार्च

मार्ग सापडला. बोलायचे नाही असा नियम आहे. खोकायचे नाही असा नियम नाही.

एक खोकला म्हणजे 'नाही म्हण'. दोन खोकले म्हणजे 'विचार करतो म्हण'. मी हॅट डोक्यावर ठेवली, म्हणजे उठायचे, आणि मागे वळून न पाहता चालू लागायचे. स्वयंपाकघराच्या टेबलावर तालीम घेतली. मी समोर बसलो, लॉरेटा क्लबची मॅनेजर झाली.

"एक वर्ष देते, वर रोज भेंडीची भाजी," लॉरेटा म्हणाली.

मी एकदा खोकलो.

"नाही, बाईसाहेब," थॅड म्हणाला. डोळे माझ्या तोंडावरून हलवले नाहीत. इतके लक्ष देणारा मनुष्य हाकेला ओ का देत नाही, हे परमेश्वर जाणे.

त्यास एक गोष्ट बजावून सांगितली. या खेळात करार म्हणजे काही नाही. क्लब तो वाटेल त्या दिवशी फाडू शकतो. ज्या भागाखाली 'हमी' हा शब्द लिहिला असेल, तेवढाच खरा. बाकीचे शुभेच्छापत्र.

शुक्रवार, ७ मार्च

कोर्टाचा काळा कोट अजून बसतो. एक गुंडी सोडून.

सोमवार, १० मार्च

जे घडले ते क्रमाने लिहितो. काहीही लपवत नाही, कारण ही वही माझ्याखेरीज कोणी वाचत नाही. (लॉरेटा वाचते असा संशय आहे. म्हणून आकडे लिहिणार नाही.)

क्लबची कचेरी. लांबलचक टेबल. मधोमध थॅड. मी त्याच्या डाव्या हातास, हॅट मांडीवर. टेबलाच्या पलीकडे, माझ्या बरोबर समोर, जनरल मॅनेजर मि. हॅस्किन्स. तोंडात काडी, आणि आवाज असा की कपाटाशी बोलत आहेत. थॅडच्या उजव्या हातास त्यांची हिशेबनीस मिस प्रॅट, कॉफीची किटली घेऊन उभी. टेबलावर पेकनचे अक्रोडासारखे दाणे घातलेल्या वड्यांचे ताट.

व्यवहार ठरेपर्यंत त्यांच्या घरचे पाणीही घ्यायचे नाही, असा माझा निश्चय होता. परंतु माझी पत्नी गेल्यापासून तशा वड्या पाहिल्या नव्हत्या. एक घेतली.

मि. हॅस्किन्स कागदाकडे पाहत म्हणाले, "दोन वर्षं. हमी पहिल्या वर्षाची. घेणार ना?"

चांगले होते! मला मान्य होते! मान डोलावणार, तोच पेकनचा तुकडा घशात अडकला आणि मी खोकलो. एकदा. मोठ्याने.

"नको, साहेब," थॅड म्हणाला. "त्यानं माझी झोप उडते."

मि. हॅस्किन्सच्या तोंडातली काडी थांबली. मीही थांबलो. झोप उडते! इतके भेदक उत्तर मी वकिलांच्या तोंडूनसुद्धा ऐकलेले नाही.

क्लबची ती दोघे बाहेर गेली, आत आली. "तीन वर्षं," मि. हॅस्किन्स म्हणाले. "हमी पहिल्या वर्षाची. आता तरी?"

तुकडा अजून तिथेच. पुन्हा खोकलो.

"नको म्हटलं ना, साहेब," थॅड हसून म्हणाला. "पोटात आग पडते माझ्या."

मिस प्रॅटने किटली खाली ठेवली. ते पुन्हा बाहेर गेले. मी घाईघाईने पाण्याचा पेला रिकामा केला. आता घसा मोकळा. परत आले तेव्हा मि. हॅस्किन्सचा चेहरा लाल, आणि त्यांनी कागदच थॅडपुढे सरकवला. तीन वर्षे. दोन वर्षांची हमी! थॅडने वाचले, मान वळवून माझ्याकडे पाहिले. मी मान डोलावली.

"होय, साहेब!"

दारापाशी मि. हॅस्किन्स मला म्हणाले, "मि. गेदर्स, पंचवीस वर्षं हे काम करतोय. असला खोकला नाही ऐकला."

मी हॅट डोक्यावर ठेवली आणि मागे वळून न पाहता चालू लागलो. नाही म्हणालो नाही. हो म्हणालो नाही. वडीचा उल्लेख केला नाही.

सही पुढच्या सोमवारी, डॉक्टरांच्या तपासणीनंतर.

मंगळवार, ११ मार्च

कचेरीतला खोकला गावभर झाला आहे. न्हाव्याने माझी दाढी फुकट केली. "मालक, एकदा खोकून दाखवा ना!"

नकार दिला.

बुधवार, १२ मार्च

एकदा खोकून दाखवले.

गुरुवार, १३ मार्च

कराराचे कागद टपालाने आले. मी कलमे मोठ्याने वाचावीत असे ठरले. उभा राहून वाचले. बसून कायदा वाचणे मला जमत नाही. अकराव्या कलमापर्यंत लॉरेटा दोनदा झोपली. अकरावे असे: खेळाडू जाहीर करतो की, त्यास ठाऊक असलेली आपल्या शरीराची प्रत्येक व्याधी त्याने क्लबास कळवलेली आहे.

थॅड उठला. म्हणाला, "कुत्र्याला खायला घालायचंय."

"मघाशीच घातलंस की," लॉरेटा म्हणाली. पण तो गेला होता. लॉरेटाचे मत, कंटाळला असेल. कलम उत्तम रचलेले होते. कंटाळण्यासारखे त्यात काही नव्हते.

शुक्रवार, १४ मार्च

आज पलीकडच्या काउंटीतून एक गृहस्थ आले, त्यांचा मुलगा याच खेळात आहे. डब्यात भाजलेले रताळे आणि विनंती: त्यांच्या मुलाशेजारी बसून खोकावे. चर्चमध्ये पाद्रीसाहेब माझ्यावर दोन शब्द बोलणार असे कळते.

जेवण गेले नाही. सुमारे सहा हजार लोकांचा उजवा हात मी वर करवला आहे. 'सत्य, संपूर्ण सत्य' हे शब्द त्यांच्या तोंडी घातले आहेत. आणि आता मी एका पेकनच्या आड लपून दुसऱ्यांची रताळी खातो!

रताळे मात्र चांगले होते.

रविवार, १६ मार्च

चर्च. पाद्री दोन नव्हे, चाळीस शब्द बोलले. मी मोजले. मागच्या बाकावरून कुणीतरी खोकले आणि सगळे हसले.

दुपारी ओसरीवर थॅड पायरीवर बसला होता. मी जवळ जाऊन कोटाची गुंडी लावली. "थॅडियस, मला शपथेवर काही सांगायचे आहे."

उत्तर नाही. पुन्हा म्हणालो. तो वळला. "काय म्हणालात?"

"तो खोकला खरा नव्हता. म्हणजे खरा होता, परंतु तुझ्यासाठी नव्हता. पेकनसाठी होता. पहिलाच करार मला मान्य होता. मी तुझे वाटोळे करता करता वाचलो आहे. हे तू गावाला सांग, नाहीतर मी सांगतो."

तो एक पायरी वर सरकला.

"कुठला खोकला, आजोबा? मला वाटलं, ती गावानं रचलेली गोष्ट."

"तो! दोनदा! तू 'झोप उडते' म्हणालास, 'पोटात आग पडते' म्हणालास —"

"ते कॉफीबद्दल!"

"काय?"

"ती बाई किटली घेऊन उभी होती ना. आणि तो हॅस्किन्स काहीतरी पुटपुटला. मला वाटलं, आणखी कॉफी घेणार का विचारतोय. मी नको म्हटलं!" तो हसू लागला. तीनशे दहा पौंड हसले की पायरी हलते. मलाही आवरेना. लॉरेटा बाहेर आली, तिला सांगितले, ती भिंतीस टेकून डोळे पुसू लागली. "चौथी शिकलेला मुखत्यार आणि कॉफी न पिणारा अशील!" म्हणाली आणि आत गेली.

मग मी विचारले, "पण मी तुझ्या कानाशी बसलो होतो. तोफेसारखा खोकलो. ते तुला ऐकू आले नाही?"

त्याचे हसणे थांबले.

"तुम्ही डावीकडे बसला होतात, आजोबा."

नोव्हेंबरातला एक सामना. डोक्याला डोके लागले. दोन दिवस कानात शिटी वाजली, नंतर काहीच नाही. डाव्या कानाने त्यास ऐकू येत नाही. कोणास सांगितले नाही. मैदानावरच्या गोंगाटात डावीकडचा गडी थॅडच्या मांडीवर थाप मारून खूण करतोच, त्यावर निभावले.

"आईला सांगू नका लगेच," म्हणाला.

तीन हाका. टीव्ही. भिंतीस लावलेला खांदा. चार तारखेच्या नोंदीतील 'उद्धट' हा शब्द मी मागे घेतो व येथे खोडतो. 'डोके फिरले' हेही खोडतो.

"उद्या डॉक्टर विचारणार," तो म्हणाला. "सांगितलं तर करार गेला. नाही सांगितलं तर तीन वर्षं पोटापाण्याची सोय. तुम्ही सांगा, काय म्हणू?"

"साक्षीदारास उत्तर पढवणे हा गुन्हा आहे. अडतीस वर्षांत मी तो केला नाही."

"मग नुसतं खोका." हसण्याचा प्रयत्न केला त्याने. "एक खोकला म्हणजे नाही."

सोमवार, १७ मार्च

डॉक्टरांनी विचारले, "आम्हांला ठाऊक नाही असं काही दुखणं आहे?"

थॅडने माझ्याकडे पाहिले. या खेपेस मी त्याच्या उजव्या हातास बसलो होतो. घशात खवखव होती. खरोखरीची होती.

मी खोकलो नाही.

"आहे," तो म्हणाला.

या वेळी उपस्थित: डॉक्टर, ज्यांनी टोपण काढून लेखणी कागदावर धरली, मि. हॅस्किन्स, ज्यांनी तोंडातली काडी काढली. लॉरेटा, दाराशी, जी ही वही वाचते हे तिच्या डोळ्यांवरून आज सिद्ध झाले. आणि मी, होझिया लेम्युएल गेदर्स, शिक्षण चौथी, ज्याने हॅट अखेरपर्यंत मांडीवरून उचलली नाही.